सोपान: नावाचा अर्थ, उगम आणि हे नाव हल्ली का ऐकू येत नाही? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुलाचं नाव सोपान ठेवायचं घरात निघालं की आजी खूश होते, नव्या पिढीची मंडळी एकमेकांकडे बघतात आणि मग प्रश्न सुरू होतात. त्यातले बहुतेक प्रश्न ठरलेले असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरांत माझं मत आहे, आणि ते मत म्हणूनच दिलं आहे.

सोपान म्हणजे नेमकं काय?

पायऱ्या, जिना. नदीच्या घाटाला असतात त्या, देवळाच्या गाभाऱ्याकडे चढतात त्या, बारवेत पाण्यापर्यंत उतरतात त्याही. एक सुटी पायरी नव्हे, पायऱ्यांची अख्खी ओळ.

कालिदासाच्या मेघदूतात हा शब्द दोन्ही अर्थांनी भेटतो. अलकानगरीतल्या यक्षाच्या घरी एक वापी, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, तिच्या पायऱ्या पाचूच्या शिळांनी बांधलेल्या आहेत; तो सोपानमार्ग खाली पाण्याकडे जातो. आणि कनखलजवळची गंगा म्हणजे सगराच्या पुत्रांसाठी स्वर्गाला लावलेली सोपानपंक्ती; ती वर जाते. एकाच काव्यात एक सोपान उतरणारा आणि एक चढणारा.

नावांच्या याद्यांमध्ये सोपानपुढे ‘यशस्वी’, ‘श्रीमंत’, ‘तेजस्वी’ असले अर्थ छापलेले दिसतात. ते सरळ सोडून द्या. असल्या याद्यांत निम्म्या नावांचा अर्थ ‘तेजस्वी’ असतो.

शब्द मूळचा कुठला?

संस्कृत. पालीतही तो याच रूपात आहे. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात ‘स’ आणि ‘उपायन’ यांचा संकोच होऊन तो झाला असावा, असा अंदाज दिला आहे, तोही ‘कदाचित’ या शब्दानिशी. उपायन म्हणजे जवळ जाणं. अंदाज खरा असो वा नसो, अर्थाला तो शोभतो.

मराठीत रोजच्या बोलण्यात आपण पायरी म्हणतो किंवा फारसीतून आलेला जिना म्हणतो. “सोपान चढून वर या” असं कोणी म्हणत नाही. त्यामुळे आपल्याकडे हा शब्द कानावर पडतो तो माणसाचं नाव म्हणूनच.

मग महाराष्ट्रात हे नाव कुणामुळे आलं?

संत सोपानदेवांमुळे. निवृत्तीनाथ, ज्ञानेश्वर, सोपान आणि मुक्ताबाई या चार भावंडांतले तिसरे. वडील विठ्ठलपंत, आई रुक्मिणीबाई. मूळ गाव पैठणजवळचं, गोदाकाठचं आपेगाव.

घरची कथा मराठी माणसाला पाठ असते, म्हणून थोडक्यात सांगतो. विठ्ठलपंतांनी काशीला जाऊन संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने ते परत संसारात आले, त्यानंतर मुलं झाली. संन्याशाची पोरं म्हणून सगळ्यांना वाळीत टाकलं गेलं. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. पोरकी मुलं शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली, तिथून नेवाशाला आली आणि नेवाशात शके 1212 म्हणजे 1290 साली ज्ञानेश्वरी झाली.

सोपानदेवांच्या जन्माचं साल दोन परंपरांमध्ये दोन प्रकारे सांगितलं जातं. एका हिशेबाने भावंडांचे जन्म शके 1195, 1197, 1199 आणि 1201 चे. त्यात सोपानदेव 1277 चे होतात. दुसऱ्या हिशेबाने शके 1190, 1193, 1196 आणि 1199. त्यात ते 1274 चे. समाधी मात्र दोन्हीकडे शके 1218 चीच, म्हणजे 1296 साल. म्हणजे समाधी घेताना वय एकोणीस नाहीतर बावीस. आजच्या हिशेबाने कॉलेजातला मुलगा.

या चौघांत सोपानदेवांच्या वाट्याला चमत्कार फारसे आले नाहीत. भिंत चालली ती चौघांना घेऊन, पण ती ज्ञानेश्वरांनी चालवली. रेड्यामुखी वेद वदवले तेही त्यांनीच. निवृत्तीनाथ गुरू. मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग घरोघर म्हटले जातात. सोपान या सगळ्या प्रसंगांत हजर आहेत, पण गोष्ट त्यांची नाही. मला वाटतं नावाच्या नशिबावर याचा परिणाम झालाच, पण त्याबद्दल पुढे.

जनाबाईंच्या एका अभंगात विठोबा लेकुरवाळा होऊन निघाला आहे. निवृत्ती त्याच्या खांद्यावर, ज्ञानेश्वर पुढे, मुक्ताई मागे. आणि सोपानाचा हात त्याने धरलाय. धाकट्या मुलाला गर्दीत धरतात तसा. सोपानदेवांचं इतकं जवळून काढलेलं चित्र मला दुसरं माहीत नाही.

चार भावंडांच्या नावांत काही क्रम आहे का?

कीर्तनकार हा क्रम आवडीने लावून दाखवतात: आधी निवृत्ती, म्हणजे विषयांतून मागे फिरणं, मग ज्ञान, मग सोपान, म्हणजे वर जाण्याचा मार्ग, आणि शेवटी मुक्ती. ऐकायला सुरेख आहे. फक्त एक शंका राहते की ज्ञान झाल्यावर पुन्हा जिना कशाला? यावर प्रत्येक बुवांचं उत्तर वेगळं असतं, आणि चांगलं कीर्तन असेल तर तेवढ्यावर अर्धा तास जातो.

अवतारांची मांडणीही आहे. निवृत्ती शंकराचे, ज्ञानेश्वर विष्णूचे, सोपान ब्रह्मदेवाचे आणि मुक्ताई आदिशक्ती. हीही जनाबाईंच्या अभंगातून आलेली.

सोपानदेवांनी काही लिहिलं आहे का?

हो. गीतेवरची ‘सोपानदेवी’ नावाची टीका त्यांच्या नावावर आहे. त्याखेरीज सुमारे पन्नास अभंग. पंढरी, नाममहिमा, वैष्णवांचा मेळा हे विषय पुन्हा पुन्हा येतात. ज्ञानेश्वरीचा झोत इतका मोठा की शेजारी ठेवलेलं काहीही फिकं दिसणार. त्यामुळे हे लेखन फार कमी लोक उघडून बघतात. बाळाचं नाव सोपान ठेवणार असाल तर निदान पाच-सहा अभंग वाचा. गाथ्याच्या बहुतेक संग्रहांत सापडतात.

समाधी कुठे आहे? दर्शनाला कधी जावं?

सासवडला, कऱ्हेच्या काठी. पुण्याहून दिवे घाट चढून गेलं की साधारण तीस किलोमीटर. ज्ञानेश्वरांनी आळंदीत कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली; त्यानंतर बरोबर एका महिन्याने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला सोपानदेवांनी सासवडला. त्यामुळे समाधी सोहळा साधारण डिसेंबरात, कधी जानेवारीच्या सुरुवातीला येतो.

दुसरी वेळ आषाढी वारीची. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते आणि तिथे मुक्काम करते. त्याच सुमारास सोपानकाकांची पालखीही सासवडाहून पंढरपूरला निघते. ती माउलींच्या मागोमाग जेजुरीच्या रस्त्याने जात नाही; तिचा रस्ता वेगळा, बारामतीकडून जाणारा. पंढरपूर जवळ आलं की भंडीशेगावच्या अलीकडे टप्पा म्हणून जागा आहे, तिथे दोन्ही पालख्या भेटतात. याला बंधुभेट म्हणतात.

बंधुभेट बघायची असेल तर आधीच जाऊन जागा धरावी लागते, कारण प्रत्यक्ष प्रसंग फार थोडा वेळ चालतो. माउलींचा रथ उभा राहतो, सोपानकाकांचा रथ येऊन त्याला अगदी खेटून थांबतो. दोन्ही सोहळ्यांचे प्रमुख एकमेकांना श्रीफळ देतात. भोवती टाळ, ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ आणि दोन रथांच्या मधल्या फटीतून दोन्हीकडे डोकं टेकवायची धडपड करणारी माणसं. मग रथ सुटतात. साडेसातशे वर्षांपूर्वीचे दोन भाऊ वाटेत भेटले, एवढंच. पण डोळे पुसणारी माणसं आजूबाजूला बरीच दिसतात.

‘सोपानकाका’ का म्हणतात?

वारकऱ्यांची प्रेमाची पद्धत. एक गंमत मात्र आहे. ज्ञानेश्वर माउली, म्हणजे आई. आईचा भाऊ तो मामा व्हायला हवा. पण सोपानमामा कोणी म्हणत नाही. नातं वडिलांकडून धरलं आणि काका झाले. वारकऱ्यांना माउली आईही वाटतात आणि बापही, त्यामुळे कोणाला हे खटकलेलं नाही.

हे नाव कोणत्या समाजात ठेवतात?

हा प्रश्न लोक आडून विचारतात, म्हणून सरळ उत्तर देतो. नाव कोणत्याही एका जातीचं नाही. वारी जिथे जिथे आहे तिथे ते आहे: मराठा, माळी, धनगर, लेवा पाटीदार, वंजारी, सगळीकडे. शेतकरी घरांत जास्त, शहरी पांढरपेशा घरांत पूर्वीही कमीच. ज्याला त्याच्या काळच्या शास्त्र्यांनी वाळीत टाकलं, त्याचं नाव नांगर धरणाऱ्यांनी जपलं, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

सोपान नावाचं कोणी प्रसिद्ध आहे का?

कवी सोपानदेव चौधरी (1907 ते 1982). स्वतः मान्यवर कवी, पण महाराष्ट्र त्यांचे उपकार मानतो ते आणखी एका कारणासाठी. बहिणाबाई चौधरी या त्यांच्या आई. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरोटं म्हणजे जातं ओढताना, शेतात काम करताना ओव्या सुचायच्या आणि त्या म्हणायच्या. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने त्या वेळोवेळी उतरवून ठेवल्या. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी ती बघितल्या बघितल्या सोनं म्हटलं आणि 1952 साली ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपात आली.

आता जरा योगायोग बघा. हे अत्रे सासवड परिसरातले, जवळच्या कोढीत गावी जन्मलेले. म्हणजे जळगावकडचा सोपान आईच्या ओव्या घेऊन गेला तो सासवडच्याच माणसाकडे. याला काही अर्थ नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हे नाव किती लोकप्रिय आहे? आकडा मिळेल का?

आकडा मिळणार नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी खातं दरवर्षी बाळांच्या नावांची यादी जाहीर करतं, आणि त्या यादीत यायलाही एका वर्षात किमान 5 बाळांना ते नाव असावं लागतं. आपल्याकडे जन्मनोंदणी होते, पण नावांची अशी यादी निघत नाही. ‘सोपान हे नाव भारतात अमुक क्रमांकावर’ असं कुठे दिसलं तर तो क्रमांक कोणीतरी मनाने टाकलेला असतो.

डोळ्यांनी मात्र दिसतं. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर, बीड, नाशिक, जळगाव या भागांत कुठल्याही गावची जुनी मतदार यादी घ्या, सोसायटीच्या सभासदांची यादी घ्या, दिंडीतल्या वारकऱ्यांची घ्या. सोपान विठोबा, सोपान ज्ञानोबा, सोपान रामभाऊ अशी नावं सापडतात. तेच अंगणवाडीच्या पटावर बघा. शर्विल, रुद्र, शिवांश, विहान, रेयांश. सोपान बहुधा नसतो.

मग हे नाव मागे का पडलं?

जुनं वाटतं म्हणून, हे सोपं उत्तर झालं. पण मल्हारही जुनं आहे, केशव आणि माधवही जुने आहेत, तरी त्यांना आता पुन्हा मागणी आली. माझ्या मते सोपानाच्या बाबतीत वेगळं काही घडलं, आणि ते हिशेबाचं आहे.

सोपान हे नाव सहसा एकटं ठेवलं जात नव्हतं. वारकरी घरात पहिला मुलगा झाला की निवृत्ती किंवा ज्ञानेश्वर, दुसरा ज्ञानेश्वर किंवा ज्ञानदेव, तिसरा सोपान, मुलगी झाली की मुक्ता. चौघांचा संच होता. बाप माळकरी, आजोबा माळकरी, मग नावं शोधायला पुस्तक लागत नव्हतं. हरिपाठातच रोज म्हटली जात होती. आमच्याकडे वयस्कर सोपानरावांना विचारा, बहुतेकांना एक मोठा ज्ञानदेव नाहीतर ज्ञानोबा भाऊ निघतो.

पुढे कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आला, ‘हम दो हमारे दो’ आलं, घरात दोन मुलं झाली. दोनांत सोपानाची पाळीच येत नाही. पहिला ज्ञानेश्वर झाला, दुसरी मुक्ता झाली, पाळणा थांबला. सोपान हे नाव लोकांना नावडतं झालं असं नाही. त्याचा नंबर लागायचा तिथपर्यंत घरं पोहोचेनाशी झाली.

यात वर सांगितलेली गोष्ट मिळवा. ज्ञानेश्वर हे नाव क्रमाबाहेर, एकटंही ठेवलं जातं, कारण त्यांच्या गोष्टी सगळ्यांना माहीत. मुक्ता तर शहरातही चालतं, आजच्या मुलीलाही शोभतं. सोपानाच्या मागे अशी एकट्याने उभी राहणारी गोष्ट नव्हती. संचाबरोबर आला होता, संचाबरोबर गेला.

तिसरं कारण, शहरातल्या पोरांनी केलेली थट्टा. त्यावर वेगळा प्रश्न आहेच.

परत येईल का?

येऊ शकतं, आणि कारण अगदी ऐहिक आहे. आजच्या आईवडिलांना दोन-तीन अक्षरी, शेवटी ‘आन’ असलेली नावं आवडतात: विहान, ईशान, रेयान, कियान. सोपान त्याच चालीचं आहे. जोडाक्षर नाही, उच्चार सोपा, अर्थ सांगायला एक वाक्य पुरतं. वर्गात दुसरा सोपान असण्याची शक्यता जवळपास शून्य; ज्यांना ‘वेगळं नाव’ हवं म्हणून रात्र रात्र शोधाशोध चालते, त्यांनी इकडे का बघू नये? कियानचा अर्थ विचारला तर चार घरांत चार उत्तरं मिळतील. सोपानाला साडेसातशे वर्षांचा पत्ता आहे, कऱ्हाकाठचा.

पूर्ण नाव काय ठेवावं: सोपान, सोपानदेव की सोपानराव?

दाखल्यावर नुसतं सोपान ठेवा. ‘देव’ संताला लावलेला आदरार्थी शब्द आहे. जुन्या खानदेशात आणि मराठवाड्यात तो नावातच जोडलेला सापडतो, चुकीचा नाही, पण आज जड होतो. ‘राव’ लोक आपोआप लावतात. मुलगा चाळिशीला आला की कोणालाही न विचारता सोपानराव होतो.

सोनोपंत आणि सोपान एकच का?

नाही. सोनोपंत दांडेकर हे वारकरी संप्रदायातलं मोठं नाव असल्यामुळे घोळ होतो. ते सोनो, सोनं या अंगाचं नाव. तसंच नालासोपाऱ्याचाही याच्याशी संबंध नाही. ते प्राचीन शूर्पारक.

महाराष्ट्राबाहेर हे नाव कळेल का?

शब्द कळेल, नाव म्हणून ओळखीचं वाटेलच असं नाही.

हिंदी पट्ट्यात तुलसीदासांमुळे हा शब्द परिचित आहे. रामचरितमानसाच्या सात कांडांना सोपान म्हटलं आहे. मानस हे सरोवर आणि त्यात उतरायच्या सात पायऱ्या. प्रत्येक कांडाच्या शेवटी प्रथम सोपान, द्वितीय सोपान असं लिहिलेलं असतं. तिकडे हे पुस्तकातल्या पाठाचं किंवा प्रकरणाचं नाव वाटेल.

केरळात तर प्रकरण फारच चांगलं आहे. मंदिराच्या गाभाऱ्यासमोरच्या पायऱ्यांना तिकडे सोपानम् म्हणतात, आणि त्या पायऱ्यांच्या बाजूला उभं राहून इडक्का नावाचं तालवाद्य वाजवत जे गायलं जातं ते सोपान संगीत. पूजेच्या वेळी जयदेवाच्या अष्टपद्या याच पद्धतीने म्हणतात. आवाज सावकाश, पायरी पायरीने चढत जातो. मल्याळी शेजाऱ्याला मुलाचं नाव सोपान सांगितलंत तर त्याच्या मनात आधी गाणं येईल.

आणि शाळेत स्काउट केलेल्या कोणालाही विचारा. भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये प्रवेशानंतर प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान अशा परीक्षा असतात, मग राज्य पुरस्कार. तुमचा सोपान स्काउटमध्ये गेला तर पहिल्याच दिवशी त्याला ‘तू प्रथम की द्वितीय?’ हे ऐकावं लागणार.

रास आणि नक्षत्र कोणतं?

अवकहडा चक्राप्रमाणे, म्हणजे नावाच्या आद्याक्षरावरून नक्षत्र काढायच्या कोष्टकाप्रमाणे, ‘सो’ हे अक्षर पूर्वाभाद्रपदा नक्षत्राच्या दुसऱ्या चरणाचं (से, सो, दा, दी यातलं दुसरं). रास कुंभ. बाळाचं जन्मनक्षत्र वेगळं असेल तर पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाक मारायचं नाव सोपान, ही सोय आपल्याकडे पहिल्यापासून आहे. त्यासाठी नाव टाकू नका.

शाळेत चिडवतील का?

चिडवतील. कोणत्या नावाला चिडवत नाहीत? सोप्या, सोपा, ‘सोपान, गणित सोपं आहे का रे?’ एवढंच भांडार आहे. सातारा-कोल्हापूरकडे घराच्या पुढच्या पडवीवजा खोलीला सोपा म्हणतात, त्यामुळे तिकडे ‘सोपान सोप्यात बसलाय’ हे पण ऐकू येतं. यात बोचणारं काही नाही. पोरं दोन महिन्यांत कंटाळतात.

घरात लाडाने सोपू, सोपान्या, नुसतं सोप. गावाकडे वयाप्रमाणे सोपानदादा, सोपानतात्या, सोपानबापू, सोपानआण्णा. हे नाव कोणत्याही नात्याला चटकन जोडलं जातं.

परदेशात उच्चाराची अडचण येईल का?

थोडी. इंग्रजी वाचणारा पहिला भाग साबणाच्या ‘सोप’सारखा वाचतो आणि ‘पा’ ऱ्हस्व करून ‘सोपन’ म्हणतो. पण दोनदा सांगितलं की जमतं. ज्ञानेश्वरचं जे होतं त्यापेक्षा हे कितीतरी बरं. त्या नावातल्या ‘ज्ञ’ची रोमन लिपीत कशी चिरफाड होते हे ज्यांनी पासपोर्टवर बघितलंय त्यांना सांगायला नको.

रोमनमध्ये लिहिताना एस, ओ, पी, ए, एन ही पाच अक्षरं रूढ आहेत. उच्चार बरोबर यावा म्हणून कोणी ए दोनदा लिहितात. काहीही चालेल, पण एकदा ठरवा आणि तेच कायम ठेवा. जन्मदाखल्यावर एक ए, आधारवर दोन आणि शाळेच्या दाखल्यावर पुन्हा एक, असं झालं की पासपोर्टच्या वेळी घरच्यांना हेलपाटे.

भावंडांना कोणती नावं जुळतील?

बहिणीला मुक्ता किंवा मुक्ताई, हे सांगायलाच नको. जनी, सोयरा, कान्होपात्रा ही हिंमतवाल्यांसाठी. सोयरा तर फार गोड नाव आहे आणि कोणी ठेवत नाही. भावाला निवृत्ती, ज्ञानेश, नामदेव, चोखोबांवरून चोखा, सावता, विसोबांवरून विसू. संतनावांचा संच नको असेल तर ईशान, मल्हार, केदार यांच्याशी सोपान नीट बसतं.

मुलीचं नाव म्हणून सोपान? संस्कृतात शब्द नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे व्याकरण आड येणार नाही. पण मराठीत ते मुलाचंच झालं आहे. मुलीला सोपाना वगैरे करू नका, कानाला बरं लागत नाही.

पहिल्याच मुलाचं नाव सोपान ठेवलं तर चालेल का? तो तर तिसरा होता.

चालेल. पहिल्या मुलाचं नाव कृष्ण ठेवताना आठवा कुठे आहे, असं कोणी विचारत नाही. गावाकडची एखादी म्हातारी ‘ज्ञानोबा कुठंय?’ विचारील. विचारू द्या.

जन्मदाखल्यावर नाव कसं आणि कधीपर्यंत घालायचं?

बाळाची जन्मनोंदणी नावाशिवायही होते. नोंदणी झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर नोंदणीपासून 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. बारशाला आत्याने कानात कुर्र करून सांगितलेलं नाव आणि नगरपालिकेत गेलेलं नाव वेगळं निघणं हा आपल्याकडचा जुना घोळ आहे, तेवढा टाळा.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायची आहेत. म्हणजे सोपाननंतर लगेच आईचं नाव येतं. उच्चारून बघा, अनेकदा छान जमतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी अशा बऱ्याच कामांना जन्मदाखला हाच पुरावा धरला जातो, तेव्हा दाखल्यावरची काना-मात्रा आणि रोमन स्पेलिंग तिथल्या तिथे वाचून घ्या.

आधी दुसरं नाव ठेवलं आहे. आता बदलून सोपान करता येईल का?

येईल. बाळ लहान असेल आणि दाखल्यावर नाव घातलंच नसेल तर काहीच अडचण नाही, थेट सोपान घाला. नाव आधीच नोंदलं असेल तर जिथे नोंद झाली त्या निबंधकाकडे आधी चौकशी करा. शाळेत नाव लागलेल्या मुलासाठी किंवा मोठ्या माणसासाठी राजपत्राचा रस्ता: राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करायचा, आणि त्या प्रतीवरून आधार, पॅन, बँक एकेक करून बदलत जायचं. आजोबांचं नाव घ्यावं म्हणून मोठेपणी असं करणारेही असतात. राजपत्राच्या प्रती जास्तीच्या काढून ठेवा; प्रत्येक खिडकीवर एक मागतात.